नाव मोठं घ्यावं की आपली पोरं?

प्रश्न : काका, मी लातूरचा, वय एकोणतीस. दिवसा अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. रात्री साडेनऊनंतर त्याच क्लासच्या हॉलमध्ये बाकं सरकवून आम्ही चौघं जाझ वाजवतो. मी गिटारवर, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक मित्र बेस गिटारवर, एक जण कीबोर्डवर आणि ड्रमवर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक गडी. माझ्या स्वतःच्या सात धुना तयार आहेत, साठवलेले अडीच लाख आहेत, पहिला अल्बम करायचाय. पुण्याच्या एका म्युझिक प्रोड्युसरला डेमो ऐकवला. तो म्हणाला, ‘गिटार चांगली आहे, पण लातूरच्या पोरांचा जाझ ऐकणार कोण? बेस-ड्रम मुंबईचे घ्या आणि दोन धुनांत सॅक्सोफोनचं एखादं मोठं नाव टाका.’ हे ड्रमवाल्याच्या कानावर घातलं तर तो एवढंच म्हणाला, ‘मला कामून काढायलास?’ तेव्हापासून तो तालमीला आलेला नाही. बेसवाला म्हणतो, तिसऱ्या धुनेची बेसलाइन माझी आहे, संगीतकार म्हणून माझंही नाव लाव. एका धुनेत मला तुळजापूरकडच्या एका गोंधळी काकांचा संबळ हवाय, पण त्यांना कसं विचारायचं आणि काय द्यायचं ते कळत नाही. एक तबलावाला मित्र म्हणतो सातही धुनांत तबला टाक, फ्युजन चालतंय. प्रोड्युसरचं म्हणणं, प्रत्येकाने घरी वाजवून फायली पाठवल्या तरी भागेल. डोकं चालेना झालंय. मला अरे-तुरेच करा.
– एक गिटारवाला, लातूर

उत्तर : अरे गिटारवाल्या, बाकीचं सगळं नंतर, आधी त्या ड्रमवाल्याच्या घरी जा. सदर छापून येईपर्यंत आठवडा गेलाच असेल, आणखी घालवू नको. त्याने ‘कामून’ विचारलं आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते उत्तर तुझं नव्हतंच, पुण्याहून आलेलं होतं. त्याला काढायचं का ठेवायचं हे तू त्याचं वाजवणं ऐकून ठरव. त्याचा पत्ता कुठला, यावरून नको.

मी जन्मभर हार्मोनियम घेऊन गवयाच्या डाव्या हाताला बसलेला माणूस आहे. माझा कल साथीदारांकडे झुकणार, हे धरूनच पुढचं वाच.

तू एकोणतीस वर्षांचा, दिवसा नोकरी, रात्री गिटार, गाव आडबाजूला. हे सगळं जुळणारा एक माणूस जाझमध्ये होऊन गेलाय : वेस माँटगोमेरी. इंडियानापोलिसचा. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री क्लबात अंगठ्याने गिटार वाजवणं, असं त्याने वर्षानुवर्षं केलं, कारण घरात खाणारी तोंडं बरीच होती. १९५९ साली सॅक्सोफोनवाल्या कॅननबॉल ॲडर्लीने त्याला तिथे ऐकलं आणि न्यूयॉर्कला परतल्यावर रिव्हरसाइड कंपनीच्या ओरिन कीपन्यूजच्या मागे लागला, की या माणसाला घ्याच. कीपन्यूज स्वतः इंडियानापोलिसला जाऊन ऐकून आला आणि त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डिंग झालं. आता बघ, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जगातले एकाहून एक वादक एका फोनवर येण्याजोगे होते. तरी नेतृत्व करायच्या त्या पहिल्या अल्बमवर कोण आहे? ऑर्गनवर मेल्विन राईन आणि ड्रमवर पॉल पार्कर, म्हणजे गावाकडचं रोजचं त्रिकूट. वेगळा बेसवाला नाहीच, ते काम ऑर्गनवालाच सांभाळी.

तुझा प्रोड्युसर शहाणा असेल तर यावर म्हणेल, अहो पण त्याचं खरं नाव झालं ते पुढच्या अल्बमने. बरोबर आहे. १९६० च्या जानेवारीत पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर पर्सी हीथ आणि ड्रमवर त्याचा भाऊ आल्बर्ट हीथ घेऊन जो अल्बम झाला, तो आजही जाझ गिटार शिकणाऱ्याला पहिल्यांदा ऐकायला सांगतात. मीही तोच सांगेन. पहिला त्या मानाने साधा आहे. पण दोन्ही एकापाठोपाठ ऐक. पहिल्यात कुणी कुणाची वाट बघत नाही. गिटार थांबली की ऑर्गन कुठे येणार हे तिघांनाही ठाऊक आहे. दुसऱ्यात गिटारवाला मोठ्या मंडळींत बिचकत नाही, याला कारण त्याच्या पाठीशी गावातल्या त्या सगळ्या रात्री होत्या. आणि तीन महिन्यांत माणसं बदलता आली, कारण पहिला अल्बम हातात होता. तू आत्ता वेसच्या ऑक्टोबरात आहेस. जानेवारीची घाई करू नको.

पॅट मेथेनीचंही बघ. १९७५ च्या डिसेंबरात जर्मनीत लुडविग्सबुर्गला त्याने पहिला अल्बम केला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. बेसवर जॅको पास्टोरियस, ड्रमवर बॉब मोझेस. आज जॅकोचं नाव वाचून कुणालाही वाटेल, पोराने काय मोठं नाव गाठलं! पण तेव्हा जॅकोचा स्वतःच्या नावाचा अल्बम बाजारात यायचा होता. तो मायामीतला दोस्त होता. मोझेस हा गॅरी बर्टनच्या बँडमधला, जिथे पॅट स्वतः वाजवत होता. त्याने ओळखीतली माणसं घेतली, नावं मागून मोठी झाली. आणि जाता जाता, जॅको त्यावर पडदे नसलेली इलेक्ट्रिक बेस वाजवतो. तेव्हा ‘डबल बेस नाही म्हणजे जाझ नाही’ असं कुणी तुला सांगितलं तर तिकडे कानाडोळा कर. तुझ्या मोबाईलवाल्या मित्राला फक्त फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत अंगाच्या, तारा चढवायला सांग. सूर गोल येतो आणि बोटं सरकल्याचा चर्र आवाज जातो.

आपल्याकडचाही एक दाखला आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. आमान्सिओ डिसिल्वा, मुंबईत १९३६ साली जन्मलेला गोवेकर घराण्यातला गिटारवाला. १९६९ साली लंडनमध्ये त्याचा पहिला अल्बम झाला. परक्या देशात त्याला स्वतःचं टोळकं कुठून मिळणार? सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रम्पेटवर इयन कार, बेसवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. हे चौघंही एकाच चालू बँडचे, वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारे. त्या बँडमध्ये एरवी पियानोही असे, इथे मात्र ती जागा गिटारने घेतली. मुंबईची माणसं घ्यायचीच वेळ आली तर हे ध्यानात ठेव. एक ड्रमवाला इथून, एक बेसवाला तिथून, अशी खोगीरभरती करू नको. जे दोघं आठवड्यातून चारदा एकत्र वाजवतात अशी बेस-ड्रमची जोडीच उचल. बेस आणि ड्रमचं आपसात जमलेलं नसेल तर वरती गिटारीने कितीही नक्षी काढली तरी ऐकणारा मान डोलवत नाही.

आता तुझ्या ड्रमवाल्याची परीक्षा. ऑर्केस्ट्रात वाजवून वाजवून हाताला काही खोडी लागतात, हे मान्यच करावं लागेल. वजन सगळं पायातल्या बेस ड्रमवर आणि स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडकडीत आवाजाच्या ड्रमवर. दर मुखड्याच्या शेवटी एक भरगच्च रोल. मंडपात समोर सातशे माणसं जेवत असतात, तिथे तसंच वाजवावं लागतं. जाझमध्ये मात्र लय उजव्या हाताच्या राइड झांजेवर चालते, डाव्या पायाची हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटते आणि बेस ड्रम ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. तर असं कर. एखादा अगदी संथ ब्लूज घ्या, मेट्रोनोमची टिकटिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडेल अशी लावा आणि सलग दहा मिनिटं वाजवा. फोन ड्रमपासून लांब, शेवटच्या बाकावर ठेवून रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ऐका. राइड पळतेय का, गिटारचा सोलो सुरू झाला की आवाज आपोआप खाली येतो का, ब्रश हातात घेतल्यावर लय सैल पडते का. जलद लयीत सगळेच शूर असतात, माणूस कळतो तो विलंबितात.

लय टिकली तर विषय संपला, अल्बम त्याचाच. नाही टिकली तर त्याला तोंडावर सांग, दोन-तीन महिने द्या एकमेकांना, आणि तरीही दोन संथ धुना अडल्याच तर तेवढ्या दोनच दुसऱ्याकडून वाजवून घे. त्याला हे तुझ्या तोंडून कळू दे, आणि कारण हातात ठेवून कळू दे. कलावंताला ‘तुझी राइड पळते’ हे सहन होतं. ‘तू लातूरचा’ हे होत नाही.

तालमीचे पैसे दे. यावर तू चमकशील, दोस्तांना कसले पैसे म्हणून. ब्लू नोट ही कंपनी १९३९ साली सुरू झाली, तिचा आल्फ्रेड लायन रेकॉर्डिंगच्या आधीच्या तालमींचेही पैसे वादकांना मोजायचा. त्या काळात बाकीचे कुणी सहसा देत नसत. ब्लू नोटच्या तबकड्यांवर अवघड धुनासुद्धा कशा चोख वाजतात याचं निम्मं उत्तर तिथे आहे. तुझा ड्रमवाला ऑर्केस्ट्राची सुपारी सोडून तालमीला येतो तेव्हा त्याच्या घरात त्या रात्रीचे पैसे कमी येतात. रक्कम लहान का असेना, ठरवून दे. म्हणजे ‘आज येतो, उद्या बघू’ बंद होतं आणि तुलाही हक्काने म्हणता येतं, नऊ पस्तीसला सुरू म्हणजे नऊ पस्तीसला.

अडीच लाखांतले निम्मे माणसांसाठी बाजूला काढ, म्हणजे तालमी, रेकॉर्डिंगची बिदागी, प्रवास, जेवण. उरलेल्यात स्टुडिओच्या शिफ्टा, मिक्सिंग, मास्टरिंग. फोटो आणि व्हिडिओला काय उरेल त्यात भागव. मी बघतो ते उलटंच असतं. आधी ड्रोनवाल्याला ॲडव्हान्स जातो आणि बेसवाल्याला ‘अल्बम चालला की बघू’.

फायली पाठवण्याचं. जाहिरातीच्या जिंगलला चालतं, पॉपला चालतं, तुला चालणार नाही. तुझ्या सात धुनांत निम्मी जागा सोलोंची असणार. सोलो चालू असताना कीबोर्डवाला एखादा स्वरसंच, म्हणजे कॉर्ड, उशिरा टाकतो, ते ऐकून तू वाक्य वळवतोस, ते ऐकून ड्रमवाला झांज सोडतो. हे फायलींतून कसं होणार? ज्याने आधी वाजवलं तो तर ऐकतच नाहीये. चौघांनी एका छताखाली, एकमेकांचे डोळे दिसतील असे उभे राहून वाजवा. त्यासाठी हॉलीवूडसारखा स्टुडिओ लागत नाही. रूडी व्हॅन गेल्डर हा ब्लू नोटचा रेकॉर्डिस्ट, त्याने १९५९ पर्यंतचं कितीतरी काम न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईबापाच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत केलं. दिवसा तो डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा. तूही दिवसा किरणांचं अपवर्तन शिकवतोसच, म्हणजे फार लांबचा नाहीस.

तयारी करून गेलात तर सात धुनांना दोन दिवस पुरतात. एका धुनेचे तीन टेक, फार तर चार. पाचव्याला हात बरोबर पडतात पण मजा निघून जाते. गिटारचा ॲम्प्लिफायर तेवढा शेजारच्या खोलीत ठेव, दाराच्या फटीतून केबल काढ, म्हणजे ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरणार नाही आणि नंतर मिक्सिंगवाला तुला शिव्या देणार नाही.

सॅक्सोफोनच्या मोठ्या नावाबद्दल माझं म्हणणं एका प्रश्नात आहे. त्या दोन धुना सॅक्सोफोन मागतात का? लिहितानाच तुझ्या कानात तो आवाज होता का? असेल तर बोलाव, मोठा असो की छोटा. पंधरा दिवस आधी धुनेची लीडशीट (धून आणि स्वरसंच लिहिलेला कागद) आणि तुमच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठव, बिदागी आणि किती तास ते आधी ठरव, आणि त्याला तुमच्या चौघांबरोबर त्याच खोलीत उभं कर. तो तयार नसेल, ‘ट्रॅक पाठवा, मी वरून डब करून देतो’ म्हणत असेल, तर तू नावाचे पैसे देतोयस, संगीताचे नाही. आणि कानात सॅक्सोफोन नसेलच तर सोडून दे. पाहुण्याच्या नावावर आलेला माणूस त्या दोन धुना ऐकतो आणि जातो.

तबलावाल्या मित्राला नाही म्हण, पण कारण देऊन म्हण. अडचण तालाची नाही. ताल तर झकास बसतो. बार म्हणजे चार मात्रांचा खण. बारा बारचा ब्लूज म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. बत्तीस बारची धून म्हणजे एकशे अठ्ठावीस, तीनतालाची आठ. फेरी संपते तिथेच सम येते. अडचण सुराची आहे. दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एका स्वराला लावलेला असतो, आणि जाझमधली धून दर एक-दोन बारला स्वरसंच बदलत पुढे जाते. तू तिकडे तिसऱ्याच घरात गेलास तरी तबल्याचा ‘ना’ आपल्या षड्जालाच घट्ट धरून बसतो. एखाद-दुसऱ्या जागी खपतं, सात धुना तेच चाललं तर कानाला टोचतं. शिवाय स्विंगमध्ये मात्रेचे तीन तुकडे होऊन मधला गळतो, आणि हाताला सरळ केरव्याची सवय असली की दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्याला एकच धून दे, जिच्यात स्वरसंच हलत नाही, नाहीतर मग काळी पाचचा ब्लूज. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन त्याच पट्टीतली वाद्यं, म्हणून जाझवाल्यांना ती लाडकी. तबला काळी पाचला लावून आण म्हणावं. एका धुनेत तो चमकेल, सातात नुसता भरणा होईल.

संबळाचा विचार मला या सगळ्यात फार आवडला, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ड्रमसेटच्या जोडीला दुसरं चर्मवाद्य घेणं जाझला नवं नाही. केनी बरेलचा पहिला ब्लू नोट अल्बम १९५६ चा. ड्रमवर केनी क्लार्क होता, आणि तरी क्युबाच्या कँडिडोला कोंगा वाजवायला घेतलं होतं. बेसवर पॉल चेंबर्स, पियानोवर टॉमी फ्लॅनगन. हा फ्लॅनगन बरेलचा डेट्रॉइटचा गाववाला, बघ, तिथेही तेच. ऐकताना लक्ष दे की कोंगा आला की ड्रमवाला काय करणं सोडतो. तुझ्या धुनेतही तेच व्हायला पाहिजे. संबळाचा धाकटा भांडा बरोबर स्नेअरच्या आवाजाच्या जागेवर येऊन बसतो आणि स्नेअरपेक्षा तिखट असतो. तेव्हा ड्रमवाल्याने त्या धुनेत स्नेअर विसरायची. राइड, हाय-हॅट, हवं तर मोठ्या टॉमवर मऊ काठ्या. तरीही दोघांत भांडण होत असेल तर ड्रमवाल्याला बाहेर बसव. एका धुनेत ड्रम नसला म्हणून आभाळ कोसळत नाही.

काकांपुढे लीडशीट ठेवू नको. गिटार घेऊन त्यांच्या घरी जा, धून वाजवून दाखव आणि गप्प बस. ते ऐकतील, मांडीवर बोटं वाजवतील, मग एखादा ठेका धरतील. तो तुझ्या डोक्यातला नसेल. दोनदा-तीनदा वाजवून बघ, आणि शक्य असेल तर धूनच त्यांच्या ठेक्यावर बसव. त्यांना क्लिक ट्रॅक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, कानात घालून वाजवायला लावणं मला पटत नाही. क्लिक तुझ्या सोयीसाठी आहे, तू जुळवून घे. त्यांचा जोडीदार तुणतुणं वाजवत असेल तर त्यालाही बोलाव. तुणतुण्याची तार तुझ्या गिटारच्या मोकळ्या डी तारेला, म्हणजे पांढरी दोनला, लावून घ्या आणि धूनभर तोच आधारस्वर राहू दे. वर तू हवं तिथे फिर. फिरायला एवढं तयार व्यासपीठ तुला कुठल्याही कीबोर्डच्या पॅडमधून मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना विचार, आणि ती आधी. गोंधळ ही पूजा आहे. काय बाहेर वाजवायचं आणि काय देवीपुढेच, हे तेच सांगतील. ‘हे इथं नगं’ म्हणाले तर कारण विचारत बसू नको.

पैसे किती? तुझ्या चौघांना एका धुनेमागे जे, तेच त्यांना, वर येण्या-जाण्याचं आणि राहण्या-जेवणाचं. वाजवून झालं की त्याच दिवशी हातात. ‘लोककलावंत आहेत, त्यांना शाल-श्रीफळ देऊ’ हा प्रकार मी इतका बघितलाय की शालीचं दुकान टाकता येईल. आणि नाव छापताना त्यांचं पूर्ण नाव, ते सांगतील तसं, हवं तर गावासकट. ‘संबळ : तुळजापूरचे लोककलावंत’ असलं काही छापलंस तर पुन्हा या सदराला पत्र लिहू नको. एका समारोहाच्या पत्रिकेत आम्हा तिघांचा उल्लेख ‘साथसंगत : इतर’ असा होता. गवयाच्या भाच्याने पुष्पगुच्छ दिला, त्याचं मात्र नाव होतं.

आता बेसवाला. इथे तुझ्या पत्रात जरा कुरकूर ऐकू आली, म्हणून स्पष्ट लिहितो. जाझमध्ये रिवाज असा की मूळ धून आणि तिचे स्वरसंच ज्याचे, तो संगीतकार. सोलो ज्याने त्याने आपला वाजवावा, त्याने संगीतकारपद मिळत नाही. साधी चालती बेसलाइन हीसुद्धा साथच. पण कसोटी सोपी आहे : ती बेसलाइन काढून तिथे दुसरी घातली तर धून तीच राहते का? राहत असेल तर त्याचं नाव वादक म्हणून. लोक गुणगुणताना बेसलाइनच गुणगुणणार असतील, तुझी गिटार तिच्यावरच उभी असेल, तर तो संगीतकार आहे, दोस्त आहे म्हणून नाही. मला वाटतं, तो आहे, कारण पत्रात ‘तिसऱ्या धुनेची बेसलाइन’ म्हणून तिला वेगळं काढलंयस. वाटा सत्तर-तीस ठरवा नाहीतर निम्मा-निम्मा, पण रेकॉर्डिंगच्या आधी. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या गाजलेल्या अल्बमवर ‘ब्लू इन ग्रीन’ या धुनेला एकट्या डेव्हिसचं नाव लागलं आणि पियानोवाला बिल एव्हान्स म्हणत राहिला की ती माझी. दोघंही गेले, वाद अजून आहे. तुमच्यात एवढं आयुष्य घालवायची गरज नाही, एक कागद पुरतो.

त्या कागदाचं सांगतो. सहीनिशी लेखी असल्याशिवाय आपल्याकडे संगीताचे हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम आहे. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं. तेव्हा पुण्याचा प्रोड्युसर करार पुढे करेल तेव्हा हे दोन रकाने आधी बघ, आणि ‘कायमस्वरूपी, सर्व जगभर’ असं दिसलं तर पेन खिशात ठेव. दुसरं, कायद्याने ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं तो. पैसे तुझे, स्टुडिओ तू बुक केलास, तर निर्माता तू. आवाज सुधारून देणारा आणि सल्ले देणारा माणूस करारात स्वतःला निर्माता लिहून घेतोय का ते नीट वाच. वादकांचाही आपल्या वादनावर पन्नास वर्षं हक्क असतो, आणि वादनाबरोबर आपलं नाव यावं हा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना मिळालाय. तर वाजवणाऱ्या प्रत्येकाशी, काका धरून, एकेक साधं मराठी पत्र कर : कुठली धून, कुठलं वाद्य, किती पैसे, नाव कसं छापायचं, पुढे धून जाहिरातीत-सिनेमात गेली तर कुणाला किती. काकांना वाचून दाखव, घाईने अंगठा-सही घेऊ नको. संगीतकार म्हणून तू आणि बेसवाला आयपीआरएसचे, म्हणजे धुना वाजल्याचे पैसे संगीतकारांसाठी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा, आणि अल्बम ऑनलाइन चढवताना प्रत्येक धुनेखाली वादकांची नावं भरायचे जे रकाने असतात ते रिकामे सोडू नका. रेकॉर्डिस्टचं आणि मिक्सिंगवाल्याचंही नाव घाल.

कधी करायचं हे तू विचारलं नाहीस, पण तिथेच सगळं अडणार आहे म्हणून सांगतो. लग्नसराईत ड्रमवाला तुला मिळणार नाही आणि गोंधळाच्या सुपाऱ्यांमुळे काकाही नाहीत. नवरात्रात तर काकांचं नावच काढू नको. आषाढी झाली की मुहूर्त थांबतात, तुझे प्रवेशही तोवर उरकलेले असतात. आषाढीपासून गणपती बसेपर्यंतचे दिवस तुमचे. आषाढात तालमी, श्रावणात दोन दिवस स्टुडिओ. हवा दमट असेल, संबळाचं कातडं उतरणार, तेव्हा स्टुडिओवाल्याला एक हॅलोजन हीटर ठेवायला सांग आणि दोन टेकच्या मध्ये दहा मिनिटं काकांना शेकायला दे. तारीख काढताना मंगळवार-शुक्रवार टाळ, ते देवीचे वार, काका घरी लागतील.